काटा हलेना, मन ठरेना

दिवाळी झाली की सांगलीच्या आमराईत सकाळची गर्दी वाढते. नवे बूट, नवे ट्रॅकसूट, कुणाच्या साडीवर स्वेटर आणि पायात मुलाचे जुने बूट. घरी चकलीचा डबा अजून अर्धा भरलेला असतो, पण मनाशी ठरलेलं असतं, 'आता बास!' ही गर्दी संक्रांतीपर्यंत टिकते. फेब्रुवारीत पाहाल तर पुन्हा तीच नेहमीची माणसं. निवृत्त मंडळी, भरतीची तयारी करणारी मुलं आणि आम्ही चार-सहा जणी. बाकीच्या कुठं गेल्या? आळस आला, जिद्द नव्हती, असं म्हणून मोकळं होता येतं. पण महिला मंडळाच्या कामात इतकी वर्षं बायकांबरोबर बसता-उठता मला वाटायला लागलंय की त्या आळसानं गेलेल्या नसतात. बहुतेक जणी रडून गेलेल्या असतात.

रडणं हा शब्द मी मुद्दामच वापरलाय. आमच्या मंडळानं वर्गणी काढून एक वजनकाटा घेतला. दर सोमवारी सगळ्यांनी वजन करायचं, वहीत लिहायचं, असं ठरलं. पंधरा दिवसांत तो काटा हॉलमधून आतल्या खोलीत गेला. महिनाभरात त्या खोलीच्या दाराला पडदा लागला आणि वहीत नावांच्या जागी नंबर आले. सुना-जावई आलेल्या, बचत गटाचे लाखांचे व्यवहार न घाबरता करणाऱ्या, बँकेतल्या साहेबाशी वाद घालणाऱ्या या बायका. पण काट्यावर चढताना चपला काढतात, बांगड्या काढतात, एक जण तर मंगळसूत्रसुद्धा काढून मैत्रिणीच्या हातात द्यायची! सकाळी काट्यानं जो आकडा दाखवला त्यावर पुढचा अख्खा दिवस ठरायचा. अर्धा किलो उतरला की मुलाच्या डब्यात शिरा, आणि चढला की त्याच मुलाला धपाटा.

आपल्याकडं वजनाबद्दल बोलणं कमी होतं असं मात्र अजिबात नाही. २०१८-१९चा सुमार आठवा. अख्ख्या महाराष्ट्रात दोन तट पडले होते. डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं सांगणं असं की खरी भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनदाच जेवा, जेवण पंचावन्न मिनिटांत संपवा, मधे काही तोंडात टाकू नका आणि पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. ऋजुता दिवेकरांचं सांगणं असं की दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं खा, आपलं घरचं खा, तूपभाताला भिऊ नका. लग्नाच्या पंगतीत, रेल्वेच्या डब्यात, व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता धुरळा उडाला होता. मला त्या वादात पडायचं नाही. दोघांचंही ऐकून बारीक झालेल्या बायका माझ्या ओळखीत आहेत आणि दोघांचंही ऐकून पुन्हा होत्या तशा झालेल्याही आहेत.

मला खटकलं ते वेगळंच. त्या सगळ्या चर्चा ताटात काय असावं यावर चालायच्या. ते ताट वाढणारी बाईच पथ्यावर असेल तर तिच्या जिवाचं काय होत असेल, हा प्रश्न आमच्या पंगतीत तरी कुणी काढला नाही. घरातला पुरुष 'दीक्षित' करायला लागला की घर त्याच्या वेळेभोवती फिरतं. 'यांचं पंचावन्न मिनिटांचं आहे हं,' म्हणून कुकर लवकर लागतो. बाई करायला लागली की आधी सगळ्यांचं रांधायचं, वाढायचं, आवरायचं आणि मग उरल्या वेळात आपलं 'डाएट' करायचं. दारू सोडणाऱ्याला कुणी गुत्त्यात नोकरी करायला सांगत नाही. बाईला मात्र खाणं कमी करायचं असतं ते दिवसाचे पाच-सहा तास स्वयंपाकघरात उभं राहून, मिठाची चव बघत.

या सगळ्यात मन कसं वर-खाली होतं ते नीट बघितलं तर लक्षात येतं की त्यामागं बऱ्याचदा साधी शरीराची गणितं असतात. ती माहीत नसल्यामुळं आपण आपल्या स्वभावाला दोष देत बसतो.

पहिले आठ-दहा दिवस फार गोड जातात. भात, साखर, गोडधोड बंद केलं की काटा भराभर खाली येतो. दोन-दोन किलो उतरतात. बाई हवेत. जुने ब्लाउज कपाटातून बाहेर येतात. पण हे दोन किलो चरबीचे नसतात. आपल्या शरीरात साखरेचा एक साठा असतो, त्याला ग्लायकोजेन म्हणतात. त्याच्या दर ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. खाणं कमी झालं की हा साठा वापरला जातो आणि ते पाणी निघून जातं. भिंतीवर चिकटवलेल्या 'सात दिवसांत तीन किलो'च्या जाहिराती याच पाण्यावर चालतात.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काटा अडून बसतो. एक तर ते सुटणारं पाणी संपलेलं असतं. शिवाय शरीर थोडं हलकं झाल्यावर त्याला कमी पुरतं, आणि कमी मिळतंय म्हटल्यावर तेही काटकसरीला लागतं, महिनाअखेरीला आपण लागतो तसं. बाईला मात्र वाटतं, मी एवढं मन मारतेय तरी काही नाही? मग एखादं लग्न येतं. आमच्यातली एक जण कोल्हापूरला दोन दिवसांच्या लग्नाला गेली. परत आल्यावर काटा दीड किलोनं वर. 'सगळं पाण्यात गेलं गं,' म्हणून ती पडद्याआड रडली. गंमत अशी की ते खरोखर पाणीच होतं! एक किलो चरबी अंगावर चढायला गरजेपेक्षा सुमारे सात हजार सातशे कॅलरी जास्त पोटात जाव्या लागतात. घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाची गरज दोन हजारांच्या आतबाहेर. दोन दिवसांत दीड किलो चरबी चढवायची तर त्या गरजेवर आणखी साडेअकरा हजार कॅलरी खाव्या लागतील. जिलब्यांची पैज लावली तरी ते जमायचं नाही. पापड, लोणची, मसालेभात यांतलं मीठ पाणी धरून ठेवतं आणि भात-गोडानं तो साखरेचा साठा पुन्हा भरतो. चार दिवस नेहमीचं खाल्लं की ते उतरतं. पाळीच्या आधी अंगावर येणारी सूजही बऱ्याच अंशी पाण्याचीच. ती त्या लग्नानंतर आठ दिवस थांबली असती तर तिला कळलं असतं. ती थांबली नाही. आमराईत यायचीच बंद झाली.

उलटं गणितही सांगायला हवं, नाहीतर मी नुसतीच धीर देत सुटलेय असं वाटेल. पासष्ट किलोची बाई साडेचार किलोमीटर चालली तर जेमतेम सव्वादोनशे कॅलरी खर्ची पडतात. साबुदाण्याच्या खिचडीच्या एका लहान बशीत त्या परत येतात. 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण आपल्या आज्यांनी उगाच नाही केली. चालण्यानं गुडघे सुटतात, झोप लागते, साखर आटोक्यात राहते, मन हलकं होतं. पण 'एवढं चालतेय तरी वजन का उतरत नाही?' हा प्रश्न स्वतःला विचारून रोज खट्टू होण्यात अर्थ नाही. नुसत्या चालण्यानं ते फारसं उतरतच नाही.

आता चिडचिडीकडं येते. वजन उतरवायला निघालेली बाई घरात सगळ्यांवर ओरडते, एकटी बसली की रडते, झोपेत पुरणपोळ्या बघते. घरचे म्हणतात, 'हिचं डाएट सुरू झालं वाटतं!' दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटाला, १९४४-४५मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज नावाच्या शास्त्रज्ञानं एक प्रयोग केला. युद्धानं उपाशी पडलेल्या लोकांना पुन्हा कसं खाऊ घालायचं हे त्याला शोधायचं होतं. छत्तीस धडधाकट तरुण आपणहून त्यात सामील झाले. सहा महिने त्यांना नेहमीच्या जवळपास निम्मं, म्हणजे दिवसाला सुमारे पंधराशे सत्तर कॅलरींचं अन्न दिलं गेलं आणि आठवड्याला पस्तीस किलोमीटर चालायला लावलं. रोजचे पाच किलोमीटर! काय झालं असेल? ही मुलं चिडकी झाली, उदास झाली, कशात लक्ष लागेना. दिवसभर खाण्याचाच विचार. ताटल्या चाटायची. आधी कधी स्वयंपाकाकडं न फिरकलेले तरुण पाककृतींची पुस्तकं जमवून वाचत बसायचे. प्रयोग संपल्यावर पोट भरलं तरी कित्येकांची भूक भागेना, आणि त्यांच्या अंगावर आधीपेक्षा जास्त चरबी आली.

ती मुलं मुळात सडपातळ होती, तेव्हा आपली-त्यांची सरळ तुलना होत नाही. पण आमच्या मंडळात बायका जे छापील 'डाएट चार्ट' घेऊन येतात त्यांवर कित्येकदा हजार-बाराशे कॅलरी लिहिलेल्या असतात. कुठल्याही डॉक्टरनं न तपासता, हातोहात फिरलेले कागद. त्यावर महिनाभर काढलेली बाई तव्यावरची पोळी उलटताना रडली तर त्यात तिच्या जिद्दीचा काय संबंध? भुकेला मन असतं आणि ते फार चिडकं असतं. माझं स्वतःचं वजन गेल्या दहा वर्षांत दोनदा सात-आठ किलोंनी उतरलं आणि दोन्ही वेळा त्यातलं निम्मं परत आलं. एकदा सासूबाईंच्या आजारपणात, दुसऱ्यांदा काही कारण नसताना. हे मी मंडळात उघड सांगते, कारण वजन परत आलेली बाई गुन्हा केल्यासारखी तोंड लपवते ते मला बघवत नाही.

घराचा वाटाही मोठा आहे. तो दोन तऱ्हांनी येतो, टोमण्यांनी आणि प्रेमानं. टोमणे सगळ्यांना माहीत आहेत. 'रिक्षा एका बाजूला झुकली', 'तुझ्या डाएटनं भाजीवाला श्रीमंत झाला', आणि पूर्वीच्या पिढीतलं ठरलेलं 'टुणटुण'. (पडद्यावर हे नाव घेण्याआधी उमादेवी म्हणून त्या नावाजलेल्या पार्श्वगायिका होत्या. पण लोकांना आठवतो तो त्यांचा देह!) नवऱ्यांना वाटतं, थट्टेनं बायकोला जोर येईल. मी तरी थट्टेनं बारीक झालेली बाई पाहिलेली नाही. थट्टेनंतर रात्री ओट्यापाशी उभं राहून डब्यातले भडंग खाणाऱ्या पुष्कळ पाहिल्यात.

प्रेमाचं प्रकरण जास्त अवघड. 'एवढ्यानं काय होतंय, घे गं', 'माझ्या हातचं नको का?', 'चेहरा किती उतरलाय, बास झालं आता.' श्रावण, गौरी-गणपती, नवरात्र, दिवाळी, संक्रांत. आपल्या पंचांगात पथ्यासाठी सलग दोन महिने मोकळे नाहीत. आणि नको म्हणणं म्हणजे करणारीचा अपमान. त्यात भर उरल्यासुरल्याची. मुलाच्या डब्यात परत आलेली अर्धी पोळी, पातेल्यातलं दोन चमचे वरण, कालची भाजी, दुधाची साय. अन्न टाकायचं नाही हे आपल्यावर इतकं बिंबवलंय की घरातलं उरलेलं संपवायची जागा म्हणजे आईचं पोट! आमच्यातल्या एकीनं आठवडाभर हे सगळं लिहून काढलं. तिच्या ताटातल्या जेवणाहून तिचं ताटाबाहेरचं जेवणच जास्त भरलं. तिला मी म्हटलं, अगं, ते अन्न वाया जाऊ नये म्हणून तू खातेस, पण वाढताना कमी वाढ असं घरात कुणाला सांगितलंस का? ती म्हणाली, 'सांगितलं की त्यांना वाटतं, मी हात आखडता घेतेय.'

अशा वेळी बाई एकटीनं, कुणाला न सांगता उपाय शोधते. आमच्या भागात सकाळी पेल्यात पावडर ढवळून देणारे 'क्लब' निघाले होते. एका मैत्रिणीनं दर महिन्याचे पैसे भाजीच्या हिशेबातून काढून भरले. वजन उतरलं, त्याबरोबर केसही गळायला लागले. पैसे संपल्यावर पावडर बंद, आणि दिवाळीपर्यंत वजन होतं तिथं. ते विकणारी बाईसुद्धा आमच्याच गल्लीतली, नवऱ्याची नोकरी गेलेली, वरच्या माणसानं ठरवून दिलेला कोटा पुरा करायला धडपडणारी. कुणावर रागवायचं? 

पण मला राग आला तो दुसऱ्या एका घरी. तिथली बारावीतली मुलगी रात्रीचं जेवेनाशी झाली. अभ्यासाचं दडपण असेल असं सगळ्यांना वाटलं. पाळी चुकायला लागली, जिन्यात चक्कर येऊन पडली, तेव्हा मिरजेत डॉक्टरांकडं नेलं. पुढं समुपदेशकाकडं बरेच महिने जावं लागलं. मुलगी जाड नव्हतीच. पण लहानपणापासून तिनं घरात काय ऐकलं होतं? आई आरशासमोर उभी राहून स्वतःला नावं ठेवतेय, बाबा त्यावर हसतायत, आणि आलेली प्रत्येक मावशी-आत्या पहिलं वाक्य म्हणतेय, 'जाड झालीस' नाहीतर 'बारीक झालीस, छान दिसतेस'. आपल्याकडं कुणी भेटलं की तब्येतीवर बोलायची ही जी रीत आहे ना, ती आपुलकीची आहे हे मला मान्य आहे. तरीही ती बंद व्हावी असं माझं स्पष्ट मत झालंय. 'कशी आहेस?' एवढं पुरे की.

आणखी एक गैरसमज. जाड बाई म्हणजे खाऊनपिऊन सुखी. बचत गटाच्या कामासाठी वस्त्यांमधून फिरताना मला दिसतं ते वेगळंच. सकाळी बिनखाण्याचा गोड चहा, कामावर पुन्हा चहा, दुपारी भात आणि पातळ आमटी, संध्याकाळी वडापाव. डाळ नावाला, भाजी, दूध, फळ नवऱ्या-मुलांना. वजन वाढलेलं आणि अंगात रक्त नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या शंभर बायकांमागं साधारण तेवीस वाजवीपेक्षा जाड, एकवीस वाजवीपेक्षा कृश आणि चोपन्न रक्तक्षयाच्या निघाल्या. म्हणजे जाडीही आहे, रोडपणाही आहे, आणि रक्तक्षय दोघींकडं आहे. अशा बाईला 'कमी खा' एवढाच सल्ला देणं म्हणजे दुखणं वाढवणं. तिनं डाळ, उसळ, अंडं, पालेभाजी जास्त खायला हवी आणि साखर-मैदा कमी. तिच्या ताटात ते यायचं तर घरच्या वाटणीत ते यायला पाहिजे.

वजनाचा आकडाच फसवा असतो हे तर आपल्या पुण्यातच सिद्ध झालंय. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःच्याच शरीराची उदाहरणं दिली. दोघांचं उंचीच्या मानानं वजन, ज्याला बीएमआय म्हणतात, अगदी सारखं, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी होती ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के! आपण भारतीय दिसायला बारीक असलो तरी आत चरबी बाळगून असतो, ती विशेषकरून पोटाशी. म्हणूनच आपल्याकडं बीएमआय २३च्या वर गेला की डॉक्टर सावध करतात आणि बायकांची कंबर ऐंशी सेंटीमीटरच्या, म्हणजे साधारण साडेएकतीस इंचांच्या आत असावी असं सांगतात.

मला सगळ्यात दिलासा दिला तो चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या अभ्यासानं. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या पाचशे एकतीस जणांचा हा अभ्यास २००६मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी खाण्यापिण्यात आणि चालण्यात बदल केला त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं. आणि त्यांचं वजन? त्यात म्हणावा असा फरक पडलेला नव्हता! हे मी मंडळात वाचून दाखवलं तेव्हा दोन मिनिटं कुणी बोललं नाही. मग एक जण म्हणाली, 'म्हणजे काटा हलला नाही तरी आत काहीतरी चाललेलं असतं?' असतं. काट्याला ते दिसत नाही, रक्ताच्या तपासणीत दिसतं.

याचा अर्थ वजनाचं काही करूच नये असा कुणी काढू नका. गुडघे, रक्तदाब, साखर, थायरॉइड, पाळी जातानाचे त्रास, ही खरी दुखणी आहेत आणि पाच-सात टक्के वजन उतरलं तरी त्यांतल्या कित्येकांत फरक पडतो. सत्तर किलोंच्या बाईला साडेतीन ते पाच किलो. लग्नातल्या फोटोइतकं होण्याची गरज नाही. आणि वर्षभरात झालं तरी चालतं.

अलीकडं बायका हळूच 'ते इंजेक्शन' विचारतात. २०२५मध्ये माउंजारो आणि वेगोवी ही आठवड्याला घ्यायची औषधं भारतात आली, त्यांच्याबद्दल. ज्यांना खरोखर गरज आहे त्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती जरूर घ्यावीत, त्यात लाज कसली? भाचीच्या लग्नात बारीक दिसायला मात्र नकोत. पण त्या औषधांनी एक गोष्ट दाखवून दिली. वेगोवीतल्या औषधाच्या परदेशातल्या एका अभ्यासात ते थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन-तृतीयांश परत आलं. शरीर आपलं जुनं वजन धरून ठेवायला बघतं, हे त्यातून दिसतं. औषध थांबल्यावर वजन परत आलं तर आपण शरीराचा धर्म म्हणतो, आणि पथ्य सुटल्यावर परत आलं तर बाईचा दुबळेपणा. हा न्याय कुठला?

आमच्या मंडळात आता वजन महिन्यातून एकदाच होतं, आणि पाळीच्या आसपास कुणी काट्यावर चढत नाही. वहीत वजनाशेजारी कंबर, जिने चढताना लागलेली धाप आणि झोप किती झाली हेही लिहितो. दोन महिन्यांतून एकदा प्रत्येकीनं घरातलं एक माणूस घेऊन यायचं. पहिल्यांदा सगळ्या लेकींना घेऊन आल्या. नवरा नाहीतर सासूच पाहिजे असा नियम करावा लागला. त्या बैठकीत आम्ही एवढंच मागतो. घरात एकच स्वयंपाक होईल, हिच्यासाठी वेगळी उकडलेली भाजी आणि बाकीच्यांना तळण असं नको. जे हिला चांगलं ते मधुमेही सासऱ्यांना आणि दिवसभर मोबाइल घेऊन बसणाऱ्या मुलालाही चांगलंच आहे. उरलेलं कोण संपवणार याची पाळी लावायची. आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी ओट्यापाशी दुसरं कुणीतरी उभं राहील. या शेवटच्या मागणीवर सगळ्यात जास्त खोकले ऐकू येतात. एका काकांनी मात्र सरळ विचारलं, 'आमटी बिघडली तर?' त्यांच्या सूनबाईंनी उत्तर दिलं, 'बिघडली तर सगळेच कमी खातील, काका.'

दिवाळीनंतर आमराईत आलेल्यांपैकी किती जणी मार्चपर्यंत टिकतात ते मोजायचं या वेळी ठरलंय. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लॅस्टिकच्या डब्यांऐवजी शिंप्याकडची कापडी टेप लुटायची असाही ठराव झाला. तिळगुळाची लाडवं लहान करावीत ही सूचना मात्र बहुमतानं फेटाळली गेली.